रियाधमध्ये असं नव्हतं

गेल्या ऑक्टोबरात मी आमच्या गावाचं पाणी बंद केलं. चुकून नाही, मुद्दाम. पण चांगल्या हेतूने.

सकाळी सातचा सुमार होता. शाळेच्या बाजूने फिरून येत होतो, तर रस्त्याकडेच्या नालीत नळयोजनेचं पाणी धो-धो वाहत होतं. शेजारी व्हॉल्व्हचा खड्डा उघडा, त्यात लोखंडी चावी लावलेली आणि माणसाचा पत्ता नाही. ज्याने एकोणीस वर्षं वाळवंटातल्या शहरात पाण्याची गळती शोधली, त्याला असं पाणी वाहताना दिसलं की कसं होतं ते सांगता येत नाही. रस्त्यावर रांगत आलेलं लहान मूल दिसल्यासारखं होतं. मी खड्ड्यात उतरलो, चावी फिरवली, नाली गप्प झाली. मग कामावरची शिस्त म्हणून चावी काढून घरी आणली, फडक्याने पुसली, खिळ्याला टांगली आणि बायकोला म्हणालो, "या गावात एकालाही पाण्याची कदर नाही. रियाधमध्ये असं नव्हतं."

त्या दिवशी सरपंचांच्या पुतणीचा साखरपुडा होता. दीडशे माणसांचा भात चढवायचा होता आणि गावभर नळ कोरडे. पाणी सोडणारा शंकर चावी शोधत दारोदार फिरत होता. झालं होतं असं, की आदल्या दिवशी त्याने फुटलेली पाइप जोडली होती. जोडल्यावर आत माती राहते, म्हणून पहिलं पाणी नालीत सोडून पाइप धुवायची असते. हे मला कळायला हवं होतं. मी रियाधमध्ये शेकडो वेळा हेच केलं आहे. शंकर माझ्या दारात आला, खिळ्यावरची चावी पाहिली आणि म्हणाला, "काय जी, रियाधले असंच चाव्या नेतेत का घरी?"

बायको आत हसली. मला शंकरचा राग आला नाही. तिच्या हसण्याचा आला.

या अंकाच्या संपादकांनी परदेशातल्या नोकरीचे गमतीदार अनुभव मागितले आहेत. लिहायला बसलो तर कागदावर रागच उतरतो आहे. गंमत मधूनमधून लागेल, ती वेचून घ्यावी.

आखातात गेलेला माणूस एक तर तेल काढतो किंवा इमारती बांधतो, असं आमच्याकडे समजतात. मी जमिनीला कान लावायचो. गोंदियाला आयटीआय करून पाइप फिटर म्हणून गेलो होतो. रियाध समुद्रापासून कुठल्या कुठे आहे. खारं पाणी तिकडे गोडं करायचं, वाळवंट ओलांडून, चढ चढवून शहरापर्यंत आणायचं, आणि मग ते रस्त्याखाली कुठेतरी फुटक्या जोडातून वाळूत जिरायचं. वाळू इतकी तहानलेली, की वर एक थेंब दिसत नाही. ते पाणी नेमकं कुठे जातं हे खणण्याआधी सांगणं, हे आमच्या टोळीचं काम.

आमचा इंजिनिअर उस्मान सुदानचा होता. सहा फुटांचा, आवाज मात्र शिंप्याच्या मशीनसारखा बारीक. पाकिस्तानी आणि केरळी कामगारांकडून शिकलेलं त्याचं हिंदी कोणत्याच देशाचं नव्हतं. पहिल्याच महिन्यात त्याने माझ्या हातात पाच फुटी पोलादी कांडी दिली. एका टोकाला कानाला लावायची वाटी, दुसरं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं. म्हणाला, "सुनो. पानी बोलता है." मी ऐकलं. आधी माझंच रक्त ऐकू आलं, मग रस्त्यावरचे ट्रक, आणि त्याच्याही खाली अगदी बारीक, कोणी दातांतून श्वास ओढावा तसा आवाज. मी बोट दाखवलं. खणलं तर तिथेच होतं. त्या दिवसापासून मी कानवाला झालो.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. छोटं भोक शिट्टी मारतं, मोठं भोक पुटपुटतं. जे सगळ्यांत जास्त नासवतं त्याचा आवाज सगळ्यांत कमी. नवा माणूस शिट्टीच्या मागे धावतो, जुना पुटपुटण्याची वाट पाहतो. आम्ही शुक्रवारी सकाळी काम करायचो. तेव्हा शहर झोपलेलं, रस्ते रिकामे, आणि मी मोठ्या चौकाच्या मधोमध कांडीला कान लावून वाकलेला. आयुष्यात माझ्यासाठी एवढी मोठी जागा कोणी मोकळी ठेवली नव्हती.

शेखी मिरवतो आहे तर तोंडघशी पडलेलंही सांगतो. एका बड्या घराच्या अंगणात मी छाती ठोकून म्हणालो, इथे फोडा. नवीकोरी संगमरवरी फरशी फोडली. खाली कोरडी ठाक वाळू. मी ऐकला होता तो भिंतीपलीकडच्या फ्रिजचा आवाज. मालकाने फ्रिज उघडला, थंड पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि हाताने दार दाखवलं. उस्मान वर्षभर मला फ्रिज दिसला की विचारायचा, "गळतो का रे?"

आणि एक घर मात्र अजून मनातून जात नाही. रियाधमध्ये हिरवं काही दिसलं, की आम्ही आधी संशय घ्यायचो. जुन्या वस्तीत एका म्हाताऱ्याच्या दारात कडुनिंब होता. लोक त्याला अबू सालेह म्हणत. आजूबाजूची झाडं धुळीने राखाडी आणि हा एकटा निंब हिरवागार. मी कांडी लावली. मुळाखालीच होतं. म्हातारा आम्ही खणायला लागणार त्याच जागेवर मांडी घालून बसला. म्हणाला, "शहराला हजार नळ आहेत. याला हा एकच." मी त्याला नियम समजावला. हो, मीच. मोठ्या अभिमानाने. आम्ही जोड बदलला आणि पुढच्या उन्हाळ्यात निंब वाळला. त्या गल्लीत पुन्हा गेलो तेव्हा त्याने मला कॉफीला बोलावलं. खुर्ची नेमकी पूर्वी जिथे सावली पडायची तिथे ठेवली, रणरणत्या उन्हात, आणि म्हणाला, "बस." मी बसलो. कॉफी संपेपर्यंत उठलो नाही.

बायको, रेखा, तिथे माझ्यासोबत अकरा वर्षं होती. पहिल्या महिन्यात रडली आणि मग अशी रमली, की सुटीवर गावी आलो की परतीचे दिवस मोजायची. तिथे गच्ची तिची होती. पापड दोन तासांत वाळायचे. खाली केरळ्याचं चहाचं दुकान, कोपऱ्यावर गरम रोटीची भट्टी, आणि धुळीचं वादळ येऊन गेलं की शेजारच्या पाच देशांच्या बायका एकमेकींची खिडकी पुसून द्यायच्या.

आणि आमच्या घरी चिन्नोर असायचा. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. शिजायला लागला की चौथ्या घरी कळतं. दरवर्षी आमच्या भागातलं कोणी ना कोणी रियाधला यायचं आणि मोठा भाऊ हिरामणदादा त्याच्या हाती पिशवी पाठवायचा. मी उस्मानला जेवायला बोलवायचो. तो लिफ्टमध्येच ओरडायचा, "आज गावचा आहे!" मी म्हणायचो, "गावचा नाही. माझ्या बांधीचा." बांधी म्हणजे धानाचं खाचर. वडिलांच्या वाटणीत मला एक आली होती, ती दादा कसायचा. एक वर्ष पिशवी आली नाही. पाऊस कमी होता. तेव्हा मी दादाला फोनवर काय काय बोललो होतो, ते मला नंतर आठवावं लागलं. त्यावर पुढे येतोच.

मग कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि नव्या साहेबाने कानाऐवजी यंत्रं आणली. एकोणीस वर्षांनी मला एक थर्मास मिळाला. आम्ही गावी परतलो. त्याला आता तीन वर्षं होतील.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, तलावांच्या पट्ट्यात आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक घरी येतील, आणि बायको त्यांना चहा देऊन त्यांच्याच बाजूने बोलेल. आमचं घराणं तळी बांधणाऱ्यांचं. आमच्या पूर्वजांनी पाणी कुठून येतं, कुठे थांबतं हे नजरेने ओळखून तलावांच्या पाळी, म्हणजे बांध, घातले. यंत्र नाही, कागद नाही. आणि त्यांच्या वंशजांनी काय केलं? गेल्या उन्हाळ्यात तलावाचं सौंदर्यीकरण केलं. पाळीवर रंगीत फरश्या बसवल्या, सिमेंटची बाकं ठेवली, फोटो काढायला लाल बदामाची कमान उभी केली. आणि ज्यातून शेतीचं पाणी सुटतं ते दगडी तोंड, ज्याला आम्ही तुडूम म्हणतो, त्याला कोणी बोट लावलं नाही. तुडूम बंद असताना तलाव रोज चार बोटं उतरत होता. मी ज्याला त्याला सांगितलं. उत्तर एकच, "चालते ना जी." या तीन शब्दांनी मला रोज चावलं. मी म्हणायचो, रियाधमध्ये असं नव्हतं. मग बायको म्हणायची, "आज सकाळपासून हे सातवं."

चावीच्या प्रकरणानंतर दोनच दिवसांत उस्मानचा फोन आला. नव्या कंपनीने यंत्रं लावून थकून त्याला परत बोलावलं होतं आणि त्याला त्याचा कानवाला हवा होता. दोन वर्षांचं काम, कुटुंबासह घर. "गुरुवारपर्यंत हो की नाही सांग," तो म्हणाला. तो दिवस शनिवार होता.

मी हो म्हणणारच होतो. मला ते शहर स्वप्नात येत होतं, खणलेल्या ओल्या वाळूच्या वासासकट. पण चावी खिळ्याला टांगून, गावात हसं होऊन लगेच निघायचं, हे बरं दिसेना. म्हटलं, दोन दिवस रुबाबात घ्यावेत. तेवढ्यात सोमवारी फुलनबाई आली.

फुलनबाई गोंडटोली वस्तीतली. वयाने माझ्याएवढी, नवऱ्याच्या मागे एकटी शेती करणारी. तिच्या चार बांध्या पाटाच्या अगदी शेवटाला. पाणी सगळ्यांत शेवटी तिच्याकडे पोचतं, म्हणजे उरलं तर. धान लोंबीवर आलं होतं, दाणा भरायचा होता. त्या आठवड्यात एक पाणी मिळालं नसतं तर वर्ष गेलं असतं. ती अंगणात आली, बसली नाही.

"भाऊ, तू रियाधले जमिनीतलं पानी आयकत होता म्हनते."

"हो."

"मंग आपल्या तलावाचं काऊन आयकू येत नाई तुले? का इथलं पानी मराठीत बोलते म्हनून?"

मी लगेच कपाटावरून कांडी काढली. ती मी सोबत आणली होती. विमानतळावर चार लोकांना ती हत्यार नाही हे पटवून आणली होती.

तुडूमच्या दगडावर कांडी टेकवली. उन्हाळ्यात फरश्यांच्या कामावर असलेली दोन माणसं, सरपंच आणि दादा बाजूला उभे होते. बराच वेळ काही नाही. मग अगदी खालून, दगडाच्या उजव्या अंगाला, पुटपुटणं. शिट्टी नाही. मोठं भोक. आणि मला कळलं, की हे आपोआप पडलेलं भोक नव्हे. आपोआप पडतं त्याचा आवाज फाटका असतो. हा गोल होता, आत पाइप असल्यासारखा.

"चोरी आहे," मी म्हणालो. "कोणीतरी इथून पाणी पळवतो आहे."

दादा म्हणाला, "राहू दे ना बाबू. धान कापू दे लोकायले. मंग पाहू."

आणि मी फुटलो. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं मी माझ्या मोठ्या भावावर ओतलं. सरपंचांसमोर. म्हणालो, तुमच्यासारख्यांमुळेच हे गाव असं आहे. म्हणालो, पूर्वजांच्या तलावाचं डबकं केलं तुम्ही लोकांनी, एका बाईचं धान डोळ्यांदेखत वाळतं आहे आणि तुम्ही म्हणता मग पाहू. म्हणालो, रियाधमध्ये असं करणाऱ्याला तुरुंगात टाकतात. दादाने डोक्याचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा बांधला आणि घराकडे गेला. मला वाटलं, लाजला. लाजला होताच, पण मला वाटलं त्याच्यासाठी नव्हे.

पाणी कुठे जातं ते शोधायची एक साधी रीत आहे. आत रंग टाकायचा आणि बाहेर कुठे निघतो ते पाहायचं. मंगळवारी गोंदियाला गेलो आणि होळीचा उरलेला गुलाबी रंग आणला. दुकानदार म्हणाला, "अभी कौनसी होली, भैया?" मी म्हणालो, "हमारे गाँव में है." बुधवारी सकाळी दवंडी दिल्यासारखं गाव गोळा केलं. मी तुडूमच्या उजव्या अंगाला पाण्यात उतरलो, हाताने चाचपलं, जिथे पाणी बोटांना ओढतं तिथे रंगाची पुडी फोडली. रंग गिरकी घेऊन आत गेला. लोक आश्चर्याने बघत होते. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. रियाधचा मोठा चौक आठवला.

मग आम्ही पाळीच्या खालच्या अंगाला, धानाच्या बांधांवरून चालत निघालो. पुढे मी, मागे चाळीसेक माणसं, त्यांच्यात फुलनबाई आणि माझी बायकोही. दादा सगळ्यांत मागे. पहिल्या बांधीत साधं पाणी. दुसऱ्या बांधीत पाणीच नाही. तासभर गेला. लोक तंबाखू मळायला लागले. शंकर म्हणाला, "रंग रियाधले गेला वाटते." तेवढ्यात कोणीतरी ओरडलं.

बाजूच्याच एका बांधीत, हिरव्या धानाच्या बुडख्यातून, गुलाबी पाणी वर येत होतं. चूळ भरल्यासारखं, बुडबुड करत. बघता बघता अर्धी बांधी गुलाबी झाली. आजूबाजूचं धान पिवळं पडत आलेलं आणि हे असं गर्द. आधी हिरवळ पाहायची, संशय घ्यायचा. एवढं साधं मला दिसलं नव्हतं.

मी बांधावर चढलो आणि रियाधमध्ये कधी आला नसेल असा आवाज काढला. "कोणाची आहे ही बांधी? आहे का इथे तो? पुढे ये म्हणावं!"

सरपंच दुसरीकडे बघत होते. शंकरच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. मी पुन्हा ओरडलो.

फुलनबाई म्हणाली, "तुयीच होये ना."

मी हसलो. मला वाटलं चेष्टा आहे. माझ्या बांधीच्या कोपऱ्यावर मोहाचं झाड होतं, मी तिला त्या झाडाने ओळखायचो. दादा मागून पुढे आला. खाली बघत म्हणाला, "मोह चार वर्सांआधी पडला, बाबू. फोनवर सांगतलं होतो तुले. तुयी न मायी, दोन बांध्या होत्या त्याची एक केलो, तेबी सांगतलं होतो."

गावाला परतून तीन वर्षं होत आली होती. मी माझी बांधी रस्त्यावर मोटारसायकल थांबवून दोनदा पाहिली होती. लांबून.

"पाइप कोणी टाकला?" मी विचारलं.

"मीच टाकलो. त्या वर्सी तुले चिन्नोर पाठवता आला नव्हता. तू काय म्हनला होता आठवते?"

मला आठवलं. मी म्हणालो होतो, दादा, तुला माझी एक बांधीसुद्धा सांभाळता येत नाही, तर विकून टाक. मी इथे लोकांना काय सांगू?

"बाकीचे हलकं धान लावतेत, लवकर निघते," दादा म्हणाला. "चिन्नोरले मांगं पानी लागते. सगळ्यायचं कापून झालं का पाट बंद होते. मंग तुया चिन्नोरले पानी कोठून आनू? एक गोटा काढलो, पाइप सारलो. म्हनलो, एका वर्सापुरतं. मंग दरसाल तुया फोन ये, चिन्नोर पाठव, चिन्नोर पाठव. तुमी आले त वाटलं, आता तरी बुजवून टाकू. त रेखा म्हने, घरचा चिन्नोर खाऊन किती खूश होतेत हे. मंग राहू देलो."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, गुलाबी पाण्याकडे पाहत होती. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

मी रियाधमध्ये दिवसभर एका एका थेंबासाठी रस्ते फोडत होतो आणि रात्री घरी येऊन फुलनबाईच्या वाट्याचं पाणी ताटात घेऊन बसत होतो. वर उस्मानला वाढत होतो.

लोक हसले असते तर सोपं झालं असतं. हसलं कोणी नाही. फुलनबाई बांधावर बसली, एक लोंबी ओढून हातावर चोळली आणि वास घेतला.

"चिन्नोर होये," ती म्हणाली. "गोड लागत असंल."

आणि उठून निघाली.

तुडूमजवळचं ते भोक आम्ही त्याच दिवशी बुजवलं. दादाने पाइप ओढून काढला आणि दगड जागेवर बसवला. हा दगड त्याने इतकी वर्षं घराच्या मागे जपून ठेवला होता. मी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि चिकणमाती कालवून कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ठासत होतो. शेवटी मी कांडी लावून ऐकलं. गप्प होतं. दादाने विचारलं, "बंद झालं?" मी मान हलवली. तो म्हणाला, "तुया धान आता अर्धा पोचट होते." मी म्हणालो, "होऊ दे." एवढंच.

फुलनबाईला त्या आठवड्यात पाटाचं पाणी मिळालं. वरच्या दोन बांध्या तगल्या. खालच्या दोन गेल्याच होत्या. त्या माझ्यामुळे गेल्या, हे इथे छापून यावं म्हणूनही मी हे लिहितो आहे.

गुरुवारी सकाळी मी माळ्यावरून बॅगा काढल्या आणि बायकोला म्हणालो, "आवर. आपण चाललो. या गावात पाय ठेवायचा नाही."

ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तुला नाही जायचं? गच्ची, पापड, तो केरळ्याचा चहा?"

"मले त तुमच्याहून जास्त जायचं आहे," ती म्हणाली. "इथं आल्यापासून माह्या स्वतःच्या गच्चीवर उभी नाही राहिली मी. पण एक सांगा. काल सकाळी जायचं होतं ते कामासाठी. आज जायचं आहे ते कशासाठी? काम आवडते म्हनून जाऊन राहिलो, का फुलनबाई रस्त्यात भेटंल म्हनून?"

मला राग आला. इतका राग, की मी बॅगेची चेन ओढताना तोडली. राग आला की समजावं समोरचा बरोबर आहे, एवढं तीस वर्षांच्या संसारात शिकलो आहे. पण ते समजायला मला नेहमी अर्धा तास लागतो. अर्ध्या तासाने मी उस्मानला फोन लावला.

"या वर्षी नाही," मी म्हणालो.

तो म्हणाला, "क्या हुआ? कान खराब?"

"कान ठीक आहे. घरचंच ऐकू आलं नाही." मग मी त्याला सगळं सांगितलं. गुलाबी पाण्यासकट. तो एवढा हसला, की त्याच्या शिंप्याच्या मशीनचा दोरा तुटतो की काय असं वाटलं. हसून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे मीसुद्धा त्या बाईचं पाणी खाल्लं?"

"हो."

"मग तिला माझाही सलाम सांग," तो म्हणाला. आणि पुढे, "मी दुसरा माणूस बघतो. पण तुझ्यासारखा कुठे मिळणार? फ्रिज फोडायला तूच पाहिजेस."

फोन ठेवल्यावर मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. मला ते शहर त्या क्षणी इतकं हवं होतं, की दात दुखावा तसं दुखलं. ते अजून थांबलेलं नाही. सौंदर्यीकरणवाल्यांचा राग गेलेला नाही. दादाचा, स्वतःचा, त्या "चालते ना"चाही नाही. तलावावरच्या लाल बदामाच्या कमानीसमोरून गेलो की अजून कांडी उगारावीशी वाटते.

तीन आठवड्यांनी फुलनबाईच्या उरलेल्या दोन बांध्या कापायला आल्या. रेखा आणि मी न सांगता गेलो. बांधावर दादा आधीच उभा होता. फुलनबाईने आम्हाला पाहिलं. एक विळा माझ्या पायाशी टाकला. मी तीस वर्षांत धान कापलं नव्हतं. वाकलो, मूठ धरली, आणि कंबरेतून असा काही आवाज आला की उस्मानला तिकडे ऐकू गेला असेल.

रेखा शेजारच्या ओळीत होती. पदर खोचून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "विळा जपून धरा. रियाधमध्ये धान नव्हतं. आता बोट कापलं तर 'तिथं असं नव्हतं' म्हणता येनार नाई."